अठरा वासरं, दोन बाटल्या

कानातला बिल्ला ४१२. मोगरी. पाचव्या दिवशी गेली.

पंचनाम्याचा मसुदा, पहिली ओळ: 'सूर्यमाळजवळील करवंदपाड्याच्या महिला गटास सह्यधारा पशुविकास संस्थेने अठरा कालवडी दिल्या.'

"बरोबर," गटातली गोजाबाई म्हणाली.

दुसरी ओळ: 'आल्या दिवशीच सर्व अठरा कालवडींना श्वसनाच्या रोगावरील प्रतिबंधक इंजेक्शन देण्यात आले.'

"असं तुमी लिवलंय. आमी मोजलं नाय."

तिसरी ओळ: 'तरीही गटाच्या निष्काळजीपणामुळे पाच कालवडी दगावल्या.'

"खोटं."

चौथी ओळ: 'सबब उरलेल्या तेरा कालवडी संस्था परत घेत आहे.'

गोठ्याच्या दाराला आडवा बांबू होता. त्याला पाठ लावून ती पाय पसरून बसली.

संस्थेचा पर्यवेक्षक गोकुळ शाईचं पॅड घेऊन तिच्यासमोर उकिडवा बसला. "गोजाबाय, कर अंगठा. चार वाजता गाडी येतेय."

"ते पॅड उचल आधी. मला सही येते. पण इथं तीही नाय करायची."

"नाही केलीस तरी डॉक्टरांची सही आहेच."

डॉक्टर म्हणजे ममता गावित. जव्हारची सरकारी पशुवैद्य. करार असा होता की निष्काळजीपणा सिद्ध झाला तरच संस्था जनावरं परत नेऊ शकते, आणि तो सिद्ध होतो सरकारी पशुवैद्याच्या सहीने. गटाची सही नुसती शोभेची. ममताला ती सही करायला बोलावलं होतं. साडेअकरा वाजले होते.

"दोन मिनिटांचं काम आहे, मॅडम," गोकुळ म्हणाला. "फक्त फॉर्मॅलिटी."

हे वाक्य त्याने बोलायला नको होतं. ममताने पेनाला टोपण लावलं.

४२०. कवळी. सहाव्या दिवशी.

पाचवं वासरू ममताने आदल्या दिवशी स्वतः उघडून पाहिलं होतं. फुप्फुस हलकं, हवेने भरलेलं असायला हवं. हे खालच्या अर्ध्यात काळजासारखं घट्ट आणि लालकाळं होतं. तुकडा पाण्यात टाकला, तो तळाला गेला.

आणि ते इंजेक्शन? त्याचा नियम या तालुक्यात ममतानेच लावून धरला होता.

एरवी ती नेमकं उलट सांगते. निरोगी दिसणाऱ्या जनावराला अँटिबायोटिक देऊ नका, औषध वाया जातं आणि जंतू शहाणे होतात. जामसरला तिच्या सख्ख्या काकांनी खोकल्याआधीच बैलाला इंजेक्शन मागितलं, तर ती चहा न घेता परत आली होती. पण एक अपवाद ती सांगते. आईपासून नुकतंच तोडलेलं वासरू. तीन वेगवेगळ्या बाजारांतली वासरं एकाच गाडीत. चौदा तासांचा प्रवास, दिवसा भट्टी, घाटात रात्री गार वारा. अशा कळपात नाकातले जंतू छातीत उतरणारच, फक्त कधी ते माहीत नसतं. म्हणून गाडीतून उतरल्या दिवशी, खोकला यायच्या आत, सगळ्यांना एकदा. एकदाच. त्याचा असर बरेच दिवस राहतो.

तरी पाच मेली. सगळी फुप्फुसाने.

"मॅडम, तुमचंच औषध चाललं नाही म्हणायचं," गोकुळ हळूच म्हणाला. "ते लिहिण्यापेक्षा निष्काळजीपणा बरा ना?"

म्हणजे दोघींपैकी एकीची चूक. ती किंवा गोजाबाई.

ममता तिसरं कुणीतरी शोधायला लागली.

४०९. तांबू. त्याच दिवशी, दुपारी.

(इथे प्रश्न छापलेले नाहीत. उत्तरांवरून कळतात.)

कमलेश. वासरं आणून देणारा व्यापारी. शर्टाला अजून शेणाचा वास.

"मीच आणली. तीन बाजारांतली, हो."

"पाणी दोनदा पाजलं. अपने बच्चे जैसा लाया, मॅडम."

"नाही, एकही खोकत नव्हतं. खोकणारं जनावर कोण गाडीत घालतो? बाकीच्यांना लागलं तर माझंच नाव."

"वरपर्यंत मोठी गाडी चढत नाही. म्हणून दोन खेपा. सकाळच्या खेपेला सहा वासरं, दुपारी उरलेली बारा."

"स्वागत? सकाळी झालं की! बायकांनी गाणं म्हटलं, मला गुळाचा चहा दिला. दुपारी कुत्रंसुद्धा समोर आलं नाही. सगळ्या पाण्याला गेलेल्या."

"कानातले बिल्ले? ते दुसऱ्या दिवशी मारले. कुठल्या खेपेतलं कुठलं, मला आता ओळखता येणार नाही. सगळी तपकिरी."

तुळशीदास. पाड्याचा भगत. गोकुळने त्याचं नाव पंचनाम्याच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं: 'अघोरी उपचार?'

"धूर केला. सातव्या दिवशी. हो."

"गोठ्यात नाय. लांब, त्या आंब्याखाली. खोकणाऱ्याच्या नाकाशी धूर कोण करील, डाक्टरबाई? मी भगत हाय, येडा नाय."

"मी तर पहिल्यांदा तेच बोललो, सुईवाल्याला बोलवा. या म्हणाल्या, बोलावला होता, तो थांबा सांगून गेला."

"घ्या लिवून. माझं नाव पेन्सिलीनं नका लिवू, शाईनं लिवा."

"एक मला कळलं नाय, ते सांगतो. चौथ्या दिवशी इथून गेलो तर वासरं ओली. थबथब पाणी. मे महिना हाय. इथं माणूस दोन दिवसांनी अंघोळ करतो. आणि वासरं ओली?"

४१८. भिंगरी. आठव्या दिवशी.

करवंदपाड्याची विहीर दरीत आहे. मे महिन्यात तिच्या तळाला वाटीने पाणी गोळा करावं लागतं. हंडा भरायला पाऊण तास, वर आणायला अर्धा. हे पंचनाम्यात कुठेच नव्हतं.

"वासरं कुणी धुतली?" ममताने विचारलं.

"आमी."

"का?"

"यानं सांगितलं म्हणून!" गोजाबाईने हनुवटीने गोकुळ दाखवला. "चौथ्या दिवशी सहा वासरं खोकायला लागली. फोन केला. आला. गोठ्यात फिरला, एकेकाला बघितलं, तोंड उतरलं त्याचं. मग बाहेर जाऊन कितीतरी वेळ फोनवर बोलला. आत आला नि म्हणतो, यांना आधी धुवा. सगळ्यांना. अंगावर पांढरं हाय, त्यानं बुरशी धरते."

"काय पांढरं?"

"आमच्यात नवं जनावर दारात आलं का तांदळाच्या ओल्या पिठात हात बुडवून त्याच्या पाठीवर ठसा मारतात. घरचं झालं, असं. बुरशी! भाकरीला धरत नाय ती बुरशी वासराला धरते का? पण साहेब सांगतो म्हणून अठरा वासरांना घराघरात साठवलेलं तीस हंडे पाणी घातलं. त्या दिवशी पाड्यात भात एकदाच शिजला."

गोकुळ म्हणाला, "स्वच्छता हा प्रोटोकॉल आहे."

"कुठल्या पानावर?" ममताने विचारलं. "प्रोटोकॉल मी लिहिलाय."

त्याने शाईचं पॅड बंद केलं.

"आणि खोकणाऱ्या सहा वासरांना काय दिलं?"

उत्तर गोजाबाईने दिलं. "काय नाय! म्हणाला, पहिल्या दिवसाचं औषध अंगात हाय अजून. वरनं दुसरं टोचलं तर उलटंल. चार दिवस थांबा. आमी थांबलो. त्या थांबण्यात तिघी गेल्या, डाक्टरबाई. मग यानं फोन उचलायचा बंद केला. तुमचा नंबर मिळवून तुमाला गाठेपर्यंत आणखी दोन गेल्या."

चार दिवस थांबणं चूक नव्हतं. ज्याला इंजेक्शन दिलंय त्या वासरासाठी तेच बरोबर आहे. नियमात तसंच लिहिलंय.

ज्याला दिलंय, त्या वासरासाठी.

ममता जागच्या जागी उभी राहिली. मग तिने विचारलं, "रिकाम्या बाटल्या कुठायत?"

४११. चिंची. नवव्या दिवशी.

बाटल्या गोठ्याच्या कुडाला सुतळीने टांगलेल्या होत्या. "हा इथंच फेकून गेला होता," गोजाबाई म्हणाली. "पोरांच्या पायात काच जाईल. म्हणून टांगल्या, पुन्हा आला का दाखवायला."

बाटल्या दोन.

हिशोब जमिनीवर, काडीने:

वासराचं वजन साधारण ८० किलो
दहा किलोला १ मिली, म्हणून एका वासराला ८ मिली
१८ वासरं, १४४ मिली
बाटली ५० मिलीची. बाटल्या हव्यात ३
कुडावर आहेत २
दोन बाटल्यांत वासरं होतात १२

"तिसरी मी नेली," गोकुळ चटकन म्हणाला. "रिकामी. खिशात राहिली."

"दोन फेकल्या आणि तिसरी खिशात घालून नेली?"

"राहते कधीकधी."

त्याच्या मागे, मोटरसायकलजवळ, रघ्या उभा होता. पन्नाशीचा माणूस, बावीस वर्षं जनावरांची शिंगं धरून ठेवायची मजुरी करणारा. सकाळपासून तो एक शब्द बोलला नव्हता. त्याच्या खांद्याला खाकी पिशवी होती. सगळ्यांनी पिशव्या सावलीत ठेवल्या होत्या. त्याची खांद्यावरच होती.

"रघूदादा, पिशवी उघडता?" ममता म्हणाली.

"मॅडम, त्याचा काय संबंध—" गोकुळ.

रघ्याने पिशवी उघडली. जुना टॉवेल. टॉवेलात गुंडाळलेली बाटली. भरलेली, सील शाबूत. कुडावरच्या दोन बाटल्यांवर जो बॅच नंबर होता, तोच हिच्यावर.

"दहा दिवस ही घेऊन फिरताय?"

"औषध हाय, बाई," रघ्या म्हणाला. "फेकवलं नाय."

बारा टोचली. सहा राहिली. सहा खोकली.

मेली पाच.

सहावी कुठे?

४१७.

आधी रघ्याचं ऐकू. तो ते एका दमात बोलला.

गोकुळने त्याला फोन केला होता: सकाळची सहा तू उरक, दुपारच्या बारांना मी येतो. टोचून झालं की पाठीवर पांढरा खडू ओढ, म्हणजे मला कळेल. रघ्या पोचला तेव्हा दहा वाजले होते. बायका ठसे मारून पाण्याला गेलेल्या. दारात कुणी नाही. सहा वासरं, सहाही पाठींवर पांढरं. सकाळच्या घामाने ते पसरलेलं, बोटं दिसत नव्हती. त्याला वाटलं, गोकुळभाऊ आधीच येऊन उरकून गेले. बाटली पिशवीत ठेवून तो दुसऱ्या गावाला गेला.

दुपारी गोकुळ आला. बारा वासरं टोचली, खडू ओढला. आतल्या सहांच्या पाठीवर पांढरं दिसलं. त्याला वाटलं, रघ्याने उरकलं. वहीत लिहिलं, अठरा.

"चौथ्या दिवशी भाऊंचा फोन आला," रघ्या म्हणाला. "म्हणाले, खोकणाऱ्यांच्या पाठीवर पीठ हाय, खडूची रेघ नाय. तू टोचलं होतंस ना? मी बोललो, नाय. बाटली माझ्याकडेच हाय. तेव्हा भाऊ म्हणाले, कुणाला बोलू नको, मी बघतो."

"आणि तुम्ही बोलला नाहीत."

"नाय बोललो." त्याने मान वर केली नाही.

गोजाबाई उठली. बांबू सोडला नाही, पण उठली. "गोकुळ. तीच बाटली आणून गुपचूप टोचली असतीस त्यांना. का नाय टोचलीस?"

गोकुळचं उत्तर सगळ्यांना ऐकू आलं. "तुम्ही लिहिता! गटाची वही घेऊन बसता गोठ्यात. कुठल्या वासराला काय टोचलं, किती वाजता. दुसरं इंजेक्शन लिहिलं असतं तुम्ही. मग पहिलं कुठाय, म्हणून विचारलं असतं कुणीतरी. मला वाटलं, एखाददुसरं जाईल. बाकीची उठतील."

मग तोच पुन्हा बोलला, जरा मोठ्याने, कारण त्याला वाट सापडली होती. "पण मुळात चूक कुणाची? पिठाची! यांनी ते ठसे मारले नसते तर काहीच झालं नसतं. लिहा ना मॅडम, अंधश्रद्धा. खरंच आहे ते."

"पहिल्या दिवशी झाली ती चूक," ममता म्हणाली. "तुमची दोघांची. ती मी चूक म्हणूनच लिहीन. चौथ्या दिवशी तुम्हाला कळलं होतं. चौथ्या दिवशी सहाही वासरं जिवंत होती. त्या दिवशी तुम्ही खुणा धुवायला पाणी मागवलंत, औषध नाही. त्याला मी चूक म्हणणार नाही."

मग ती बायकांकडे वळली. "सहावी शोधायला हवी. आत्ता. तेरातली दोनतीन मधे खोकून बरी झालीत, म्हणून नुसतं बघून कळणार नाही. आणि सगळ्यांना पुन्हा टोचणार नाही मी. ज्यांना मिळालंय त्यांना नको आहे."

"बिल्ल्यावरून?" कमलेशने विचारलं.

"तुम्हीच म्हणालात ना, बिल्ले दुसऱ्या दिवशी मारले. आणि पाठीवरचे ठसे धुतले गेलेत."

"पाठीवरचे धुतले," गोजाबाई म्हणाली. "कुडावरचे कोण धुणार?"

तिने गोठ्याच्या आतल्या बाजूला बोट केलं. शेणाने सारवलेल्या कुडावर सहा पांढरे पंजे होते. वासराच्या पाठीवर हात मारला की तोच हात कुडावर मारायचा, म्हणजे वासरू संध्याकाळी दुसऱ्याच्या दारात जात नाही. सहाच पंजे, दुपारच्या बारांच्या वेळी बायका पाण्यावर होत्या. पाच पूर्ण. सहाव्याला करंगळी नव्हती.

बायकांच्या घोळक्यातून नवशी पुढे आली. वीटभट्टीवर तिची करंगळी गेली होती. बोलायची ती कमीच.

"हात माझा, वासरू लाजरी," ती म्हणाली. "बाकीची मरायला लागल्यावर मी तिला माझ्या घरी नेऊन बांधली. सगळ्यात लांब. खोकणं थांबलंय तिचं. बरी हाय."

४१७. लाजरी. जिवंत.

नवशीने तिला गोठ्याच्या दारापाशी आणलं. ती बरी नव्हती. उभी होती, पण मान पुढे ताणून. ताप एकशेचार पूर्णांक दोन. ममताने छातीला कान लावला. डावीकडे स्वच्छ, उजवीकडे खाली कुणीतरी कोरडी पानं तुडवत होतं.

"उशीर झालाय?" नवशीने विचारलं.

"अजून नाही. पण आता हा आगाऊ डोस नव्हे, हा इलाज आहे. रोज येऊन बघावं लागेल. मी येईन."

रघ्याने बाटली पुढे केली. बाटली पिशवीत दहा दिवस उन्हात फिरली होती. ममताने ती परत त्याच्या हातात दिली आणि स्वतःच्या पेटीतली काढली. "ती जपून ठेवा, रघूदादा. ती आता पुरावा आहे. मान धरा."

रघ्याने मान धरली. लाजरी हलली नाही.

इंजेक्शन झालं आणि नवशीने तांदळाच्या पिठाची वाटी आणली. ममता बघत राहिली. मग म्हणाली, "गोजाबाई, एक सुचवू? पुढच्या वेळी आधी सुई होऊ द्या, मग ठसा. घोळच होणार नाही."

"नाय."

"नाय?"

"जनावर दारात आलं का हात पहिला. तुमची सुई नंतर. आमच्या आज्यांच्या आज्यांनी हात मारलेत, आणि तुमचा खडू आला कधी? बदलायचं तर तुमी बदला. खडूचा रंग बदला."

ममताला हसू आलं. बाई बरोबर बोलत होती, आणि नियम तिने स्वतः लिहिला होता. त्यात पांढरा खडूही तिनेच घातला होता.

चार वाजता कमलेशची छोटी गाडी चढून आली. ड्रायव्हरने मागचं फळकुट खाली पाडलं आणि हाक मारली, "तेरा ना?"

"शून्य," गोजाबाई म्हणाली. बांबूपासून ती अजून हलली नव्हती.

गोकुळ पंचनामा घडी करून खिशात घालायला लागला. "थांब," ती म्हणाली. "माझी सही हवी होती ना तुला? आण."

त्याने कागद पुढे केला, का ते त्यालाही कळलं नसावं. गोजाबाईने नवशीच्या वाटीत हात बुडवला आणि पंजा कागदावर दाबला. 'निष्काळजीपणामुळे' या शब्दावर. पीठ ओघळलं, शाई फुटली. तिसरी ओळ गेली, चौथीही अर्धी गेली.

"आता ने तुझ्या संस्थेत," ती म्हणाली. "अंगठा मागत होतास, अख्खा हात दिलाय."

ममताने दुसरा कागद घेतला. गोठ्याच्या दारातच बसून लिहिला. तो असा:

एकूण कालवडी: अठरा.
आगाऊ इंजेक्शन मिळालेल्या: बारा. त्यांपैकी मृत: एकही नाही.
न मिळालेल्या: सहा. त्यांपैकी मृत: पाच. उपचार सुरू: एक.
इंजेक्शन न मिळाल्याचे संस्थेच्या पर्यवेक्षकास ज्ञात झाले: चौथ्या दिवशी.
गटाचा निष्काळजीपणा: आढळला नाही.
कालवडी परत घेण्याची शिफारस: नाही.
नियमात दुरुस्ती: इंजेक्शन दिलेल्या जनावरावर खूण निळ्या खडूने करावी.
कारण: या भागात पांढरा आधीच घेतलेला आहे.